जुन्या फायबर होडीचा फुटलेला तळ: दुरुस्ती आतून करावी की बाहेरून?

मुठाकाठचा (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझ्या सासऱ्यांची चौदा फूट लांबीची, एकेरी थराची फायबरची मासेमारीची होडी उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ असते. उन्हाळ्यात धरणाचे पाणी खाली गेले की बुडालेल्या जुन्या गावांच्या भिंती, ओटे आणि विहिरींचे कठडे पाण्याच्या पातळीलगत येतात, हे तिथे फिरलेल्यांना ठाऊकच आहे. अशाच एका पडक्या दगडी भिंतीवर होडी आदळली आणि तिच्या तळाला, कण्याच्या (तळाच्या मधोमध पुढून मागे जाणाऱ्या उंचवट्याच्या) डाव्या बाजूस, पुढून साधारण एक तृतीयांश अंतरावर तळहाताएवढे भोक पडले. पावसाळाभर ती काठावर उताणीच पडून होती. आता पाऊस सरल्यावर ती टेम्पोत घालून आम्ही पुण्यात धायरीला एका ओळखीच्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली आहे.

भोकाच्या कडेला फायबरची जाडी मोजली असता ती साडेपाच ते सहा मिलिमीटर भरते. भोकाभोवती चांदणीसारख्या चिरा आहेत. आतून पाहिल्यास भोकाच्या चहूबाजूंना फायबर पांढरट पडलेले दिसते आणि हा पांढरेपणा भोकापेक्षा बराच मोठ्या भागात पसरलेला आहे. त्याच ठिकाणी पूर्वी कोणीतरी बाहेरून एम-सील आणि मोटारगाडीच्या डेंटिंगमध्ये वापरतात ती लांबी (पुट्टी) भरलेली होती. ती हाताने ओढताच खपलीसारखी सुटून आली. शिवाय जिथे इंजिन लावतात त्या मागच्या फळीवर दाबले असता आतून किंचित पाणी येते, त्यामुळे आतले प्लायवूड कुजले असावे अशी शंका आहे.

एका कारागिराने होडी पाहून सांगितले की बाहेरून दोन मॅट (रेझिनमध्ये भिजवून लावायचे काचेच्या धाग्यांचे थर) मारून संध्याकाळपर्यंत काम होईल. इतक्या लवकर होणारे काम टिकेल का, याची मला खात्री वाटत नाही. माझे प्रश्न असे आहेत: दुरुस्ती आतून करावी की बाहेरून? साधे पॉलिएस्टर रेझिन पुरेसे आहे की इपॉक्सीच घ्यावे? मागच्या फळीचे काम याच वेळी करून घेणे आवश्यक आहे का? मी स्वतः यांत्रिक कामांत सराईत आहे, ग्राइंडर आणि ड्रिल माझ्याकडे आहे. फायबरचे काम मात्र आजवर केलेले नाही.

भोसरीचा साचेवाला

भोसरीत फायबरच्या टाक्या, साचे आणि मोटारींचे भाग करण्याच्या कामात माझे आयुष्य गेले आहे. होड्यांची दुरुस्ती त्या मानाने कमी केली असली तरी पदार्थ तोच आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधी एक चौथा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय एक ग्रॅम रेझिनही भिजवू नये. भोक किती मोठे आहे, हा तो प्रश्न. तुम्हाला जे तळहाताएवढे दिसते आहे, ते फक्त जिथे फायबर उरलेलेच नाही तेवढ्या भागाचे माप आहे. खरे भोक म्हणजे ज्या भागात फायबर आहे पण काच आणि रेझिन एकमेकांपासून सुटले आहेत, तो संपूर्ण भाग. आतून दिसणारा पांढरेपणा हीच त्याची खूण आहे, कारण काचेच्या धाग्यांभोवतीचे रेझिन तडकले की मधल्या बारीक पोकळ्यांत प्रकाश विखुरतो आणि पारदर्शक दिसणारा थर दुधाळ होतो.

म्हणून आधी एक रुपयाचे नाणे किंवा स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घेऊन भोकापासून बाहेरच्या दिशेने बोटभर अंतराने ठोकत जावे. निरोगी फायबरचा आवाज खणखणीत आणि आखूड येतो, थर सुटलेल्या ठिकाणी तो बद्द येतो. जिथे आवाज बदलतो तिथे मार्करने खूण करावी. चहूबाजूंच्या खुणा जोडल्या की जी आकृती तयार होईल ती बहुधा तुमच्या अंदाजाच्या दुप्पट-तिप्पट असेल. चांदणीसारख्या चिरांपैकी काही केवळ जेलकोटमध्ये, म्हणजे वरच्या गुळगुळीत रंगीत थरात असतात, काही खालच्या मॅटमध्ये उतरलेल्या असतात. हे वरून कळत नाही. चिरेवर ग्राइंडरने जेलकोट तेवढा उतरवून पाहावा, खाली चीर दिसेनाशी झाली तर ती निरुपद्रवी आहे.

खुणेच्या आतला सर्व भाग कापून काढून टाकावा. नवख्या माणसाचा हात इथेच आखडतो, कारण लहान भोक मोठे करणे मनाला पटत नाही. परंतु सुटलेल्या थरावर कितीही चांगली मॅट लावली तरी ती सुटलेल्या थरालाच चिकटलेली राहते, होडीला नव्हे. तुमची ती जुनी लांबी खपलीसारखी का निघाली, याचेही कारण हेच आहे. शिवाय डेंटिंगच्या लांबीत टाल्कची पूड असते, ती पाणी शोषून घेते. पाण्याखालच्या भागात तिला जागाच नाही. कोपरे काटकोनी ठेवू नयेत, भोक लंबगोल ठेवावे, म्हणजे कोपऱ्यातून नवी चीर सुरू होत नाही.

त्यानंतर उतार. कापलेल्या कडेपासून बाहेरच्या बाजूला फायबर हळूहळू पातळ करत न्यायचे, कडेला जवळपास शून्य जाडी आणि टोकाला पूर्ण जाडी. प्रमाण एकास बारा धरावे, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीला कडेभोवती सुमारे बहात्तर मिलिमीटर रुंदीचा पट्टा. नवा माणूस साधारण वीस-पंचवीस मिलिमीटरवर थांबतो आणि त्याला वाटते की खूप झाले. हा रुंद उतारच तुमची दुरुस्ती आहे, बाकीचे काम त्यानंतरचे. जुने रेझिन पूर्ण पक्के झालेले असल्यामुळे नवे रेझिन त्याच्याशी रासायनिकदृष्ट्या फारसे एकजीव होत नाही, ते खरखरीत पृष्ठभागाला धरून राहते. तेव्हा धरण्यासाठी जितके क्षेत्र जास्त, तितकी पकड भक्कम. उतार करताना चाळीस किंवा साठ नंबरची डिस्क वापरावी, गुळगुळीत फिनिश मुळीच आणू नये.

एक सूचना ग्राइंडर लावण्याआधीची. सर्व भाग आधी अॅसिटोनने पुसून घ्यावा, तोही दोन चिंध्या घेऊन: एक ओली, तिच्यामागून लगेच दुसरी कोरडी. जुन्या होडीवर मेण, तेल, चिखल असतो. तो न पुसता घासला तर डिस्क तेच मेण फायबरच्या आत दाबून बसवते, मग वरून कितीही घासले तरी ते निघत नाही.

आता आतून की बाहेरून. तुमच्या होडीच्या आतल्या लाकडी फळ्या निघत असतील आणि भोकाच्या जागी आडवी बरगडी येत नसेल, तर मी आतून करण्याच्या मताचा आहे. उतार आतल्या बाजूने करावा आणि बाहेरून सनमायकाचा तुकडा, चकचकीत बाजू फायबरकडे ठेवून, तळाच्या वळणाप्रमाणे वाकवून टेपने आणि खालून टेकू देऊन घट्ट बसवावा. त्याला आधी मेणाचे चार-पाच हात द्यावेत, प्रत्येक हात चोळून चमकवावा. मग आतून प्रथम जेलकोट, तो किंचित चिकट राहिला असता मॅटचे थर. काम झाल्यावर सनमायका सोलून काढला की बाहेरची बाजू जवळजवळ तयार मिळते आणि तळाचा मूळ आकार कायम राहतो. मासेमारीच्या होडीला देखणेपणाची गरज नसली तरी आकाराची आहे: तळाला फुगवटा किंवा खड्डा राहिला तर होडी एका बाजूला ओढते.

जुना सभासद

साचेवाल्यांच्या मतातील बहुतेक सर्व मला मान्य आहे, मात्र आतून करण्याविषयी थोडा मतभेद आहे. महाविद्यालयात असताना आम्ही मुळा नदीवर वल्हवण्याच्या शर्यतींसाठी होड्या वापरत असू आणि त्यांची डागडुजीही आम्हीच करत असू. त्या होड्या पातळ आणि हलक्या असल्यामुळे तिथली परिस्थिती वेगळी होती, हे मान्य. परंतु मासेमारीची होडी वर्षानुवर्षे आतून मासे, तेल आणि चिखल यांनी मुरलेली असते. आतील पृष्ठभाग स्वच्छ करणे बाहेरच्यापेक्षा कितीतरी अवघड जाते, कारण आत सहसा जेलकोट नसतो आणि उघड्या मॅटच्या धाग्यांमध्ये घाण आणि ओलावा खोलवर गेलेला असतो. होडी पालथी घालून बाहेरून काम केले तर उतार बाहेरच्या कोरड्या, घट्ट भागावर येतो, रेझिन खाली गळत नाही आणि रोलर फिरवायला जागा मिळते. आतून फक्त आधाराचा तुकडा लावायचा असतो. बाहेरचा रंग जातो, तो पुन्हा देता येतो.

थरांच्या क्रमाबद्दलही लिहितो, कारण यात जाणकारही वाद घालतात. काहींचे म्हणणे असते की सर्वांत लहान तुकडा आधी लावून वरवर मोठे लावत जावेत, म्हणजे मूळ थरांची रचना जशीच्या तशी राहते. मी उलट क्रमाच्या बाजूचा आहे: सर्वांत मोठा तुकडा आधी, जो संपूर्ण उतार व्यापून जुन्या फायबरला पूर्ण क्षेत्राने चिकटतो, आणि त्यावर क्रमाने लहान. लहान आधी लावल्यास प्रत्येक थर जुन्या फायबरला केवळ कडेच्या अरुंद पट्टीने टेकतो, आणि शेवटी वर येणारा सर्वांत मोठा थर, ज्याच्यावर पकडीचा सारा भार असतो, तोच सपाट करताना घासला जातो.

सनमायका आणि मेणाची युक्ती उत्तम आहे. बाहेरून काम करताना आतल्या आधारालाही ती जशीच्या तशी लागू होते.

कोथरूडकर रसायन

मी पॉलिमर उद्योगातून निवृत्त झालो आहे. वरील दोन्ही प्रतिसादांत कौशल्याची बाजू नीट आली आहे. रेझिनची निवड आणि सुरक्षा या दोन बाबी मला सविस्तर मांडणे आवश्यक वाटते, विशेषतः दुसरी, कारण प्रश्नकर्त्यांनी फायबरचे काम आजवर केलेले नाही.

आपल्याकडे दुकानात साधे पॉलिएस्टर रेझिन मागितले की बहुधा तीन वस्तू मिळतात: रेझिन, जांभळट रंगाचे कोबाल्ट (रेझिन गोठण्याचा वेग वाढवणारे), आणि पारदर्शक हार्डनर. हा हार्डनर म्हणजे एमईकेपी नावाचे सेंद्रिय पेरॉक्साइड. कोबाल्ट आणि एमईकेपी हे कधीही, एका थेंबानेही, थेट एकमेकांत मिसळू देऊ नयेत. ते एकत्र येताच प्रचंड वेगाने अभिक्रिया होऊन आग लागते किंवा स्फोट होतो. प्रथम कोबाल्ट रेझिनमध्ये टाकून ते संपूर्ण ढवळून घ्यावे आणि त्यानंतरच हार्डनर घालावा. दोहोंसाठी मोजपात्रे आणि काड्या वेगळ्या ठेवाव्यात. काही रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच मिसळलेले असते, तेव्हा विक्रेत्याकडून ते विचारून डब्यावर लिहून ठेवावे, नाहीतर दुप्पट कोबाल्ट जाते.

एमईकेपीचे प्रमाण साधारणतः वजनाच्या एक ते दोन टक्के असते. दोनशे ग्रॅम रेझिनला एक टक्का म्हणजे दोन ग्रॅम, सुमारे दोन मिलिलिटर, तेव्हा इंजेक्शनच्या सिरिंजने मोजणे हाच खात्रीचा मार्ग आहे. झाकणाने अंदाजे ओतू नये. एका वेळी एवढेच भिजवावे. मोठ्या डब्यात ढीगभर रेझिन भिजवले तर स्वतःच्या उष्णतेने ते तापते, धूर सोडते आणि वापरण्याआधीच गोठते. एका दमात तीन-चार थरांपेक्षा जास्त लावू नयेत, याचेही कारण तीच उष्णता.

एमईकेपी डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते. म्हणून चष्मा हवाच, साधा नव्हे, बाजूंनी बंद असलेला. शेडमध्ये नळ किंवा पाण्याची भरलेली बादली हाताशी असावी. डोळ्यात उडाले तर तत्काळ किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन मग डॉक्टरांकडे जावे. वास येणारे स्टायरीन हे रेझिनमधील द्रावक आहे. त्याचा प्रज्वलनबिंदू सुमारे ३१ अंश सेल्सिअस आहे, आणि ऑक्टोबरच्या दुपारी पुण्यात पारा तेवढा सहज चढतो. याचा अर्थ पत्र्याच्या शेडमध्ये त्या वेळी ओल्या रेझिनवरील हवा एखाद्या ठिणगीने पेटू शकते. एका कोपऱ्यात ग्राइंडर आणि दुसऱ्या कोपऱ्यात रेझिन असे कधीही करू नये, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला शेडबाहेर ठेवावे. दुपारी रेझिन गोठण्याचा वेगही अनावर होतो, तेव्हा सकाळचे काम सर्वांत चांगले. घासताना काचेची धूळ असते. तिच्यासाठी चांगला धूळ-मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि रेझिनच्या वाफेसाठी कार्बनच्या कार्ट्रिजचा वेगळा मास्क. धूळ-मास्क वाफ अडवत नाही.

आता निवड. पॉलिएस्टर आणि इपॉक्सी यांत इपॉक्सीची जुन्या फायबरला पकड निःसंशय सरस असते. असे असूनही, तुमच्या तळाच्या भोकासाठी, गोड्या पाण्यातील होडी आणि साचेवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे एकास बारा उतार असेल, तर चांगल्या प्रतीचे आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर पुरेसे आहे असे माझे मत आहे. इपॉक्सीच्या बाजूने दोन अडचणी येतात. दुकानात मिळणाऱ्या चिरलेल्या धाग्यांच्या मॅटला बांधून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टरमधील स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत सहसा विरघळत नाही. मॅट नीट भिजत नाही आणि कडक राहते. इपॉक्सीसोबत विणलेले किंवा शिवलेले कापड घ्यावे लागते. दुसरी अडचण म्हणजे इपॉक्सीवर साधा पॉलिएस्टर जेलकोट नीट सुकत नाही, वर चिकट थर राहतो. तिथे रंगच द्यावा लागतो, आणि तो द्यायलाच हवा, कारण ऊन इपॉक्सीला खाते. शिवाय इपॉक्सीचे हार्डनर प्रमाणाबाहेर घालून ते लवकर सुकवता येत नाही. प्रमाण बिघडले की ते कधीच धड सुकत नाही. या दोहोंच्या मध्ये व्हिनाइलएस्टर रेझिन असते, ते पाणी कमी शोषते आणि पकडही बरी देते. ते मिळाल्यास माझी पसंती त्याला राहील.

मागच्या फळीसाठी मात्र मी इपॉक्सीशिवाय दुसरे काही सुचवणार नाही. लाकडाला पॉलिएस्टरची पकड कमकुवत असते.

भिगवणकर

होडीचा प्रश्न वाचला आणि आमच्याकडच्या होडीबद्दल असल्यामुळे लिहिल्यावाचून राहवले नाही. चिलापी आणि कटला धरणारे आमच्याकडे दरवर्षी अशा होड्या दुरुस्त करतात, आणि बहुतेक दुरुस्त्या पुढच्या हंगामात पुन्हा निघतात. त्यातल्या कामाला दोष नसतो, होडी कोरडी न होता काम सुरू होते. तुमची होडी पावसाळाभर उताणी पडली होती, याचा अर्थ तिच्यात पाणी साचून आतल्या उघड्या मॅटमधून ते खोलवर मुरले आहे. कापून उतार करून झाल्यावर किमान दोन-तीन आठवडे ती वारा लागेल अशी ठेवा. त्यानंतर रात्री प्लास्टिकचा पारदर्शक कागद चारी बाजूंनी टेपने चिकटवून तिथे लावा आणि सकाळी पाहा. कागदाच्या आत दव दिसले तर आणखी थांबा.

टेम्पोतून आणताना आणि आता शेडमध्ये होडी कशावर ठेवली आहे, तेही महत्त्वाचे आहे. दोन लाकडांवर ठेवली असेल तर मध्ये तळ वाकतो, आणि मॅट सुकली की तळ त्याच वाकलेल्या आकारात कायमचा राहतो. जुने टायर सर्वांत चांगले, चार-पाच ठिकाणी. मॅट लावण्याआधी एक लवचीक पट्टी भोकावरून लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेने धरून पाहावी, दोन्ही बाजूंचे वळण एकमेकांना मिळते का, आणि मिळत नसेल तर टायर सरकवावेत.

आणखी एक गोष्ट जिवाची आहे. मे २०२४ मध्ये आमच्याकडे कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तुमच्या होडीच्या आत तरंगण्यासाठी बसवलेला फोम किंवा थर्माकोल असेल तर तो पाहा. जुना फोम पाणी पिऊन जड झालेला असतो, त्याने होडी तरंगत नाही, उलट ओढते. नवीन बसवताना थर्माकोलवर थेट रेझिन लावू नका, स्टायरीन लागताच थर्माकोल विरघळून पाणी होते. आणि अंगावर लाइफ जॅकेट असल्याशिवाय होडी पाण्यात घालू नका.

मुठाकाठचा

सर्वांचा आभारी आहे. नाणे घेऊन ठोकून पाहिले. भोक पंधरा बाय वीस सेंटिमीटरचे असले तरी बद्द आवाजाची हद्द सुमारे पंचवीस बाय तीस सेंटिमीटरवर संपते, आणि कण्याच्या बाजूला ती कण्यापाशी येऊन थांबते. आडवी बरगडी मध्ये येत नाही. होडी टायरवर ठेवली आहे.

साहित्य किती लागेल याचा अंदाज कोणी देईल का? तसेच कण्याच्या बाजूला बहात्तर मिलिमीटरचा उतार कसा घ्यावा, कारण तिथे तळ वळतो? मागची फळी उघडून पाहिली. आतले प्लायवूड खालच्या अर्ध्या भागात हाताने कुस्करता येते. इंजिनाचे बोल्ट तिथूनच जातात.

भोसरीचा साचेवाला

अंदाज सोपा आहे. कापलेले क्षेत्र पंचवीस बाय तीस धरले आणि चहूबाजूंना सात-साडेसात सेंटिमीटर उतार धरला, तर सर्वांत मोठा तुकडा चाळीस बाय पंचेचाळीसच्या आसपास येतो. साडेचारशे ग्रॅमच्या मॅटचा एक थर, रेझिनसह, जवळपास एक मिलिमीटर भरतो, तेव्हा तुम्हाला सहा थर लागतील. मोठ्यापासून लहानापर्यंत सरासरी काढली तर एकूण मॅट सुमारे तीनशे ते साडेतीनशे ग्रॅम, आणि मॅटच्या अडीचपट रेझिन म्हणजे आठशे-नऊशे ग्रॅम. वाया जाणारे धरून दीड किलो रेझिन घ्यावे. किरकोळ हत्यारे आणि हातमोजे रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतील. रेझिनच्या डब्यावरील उत्पादनाची तारीख अवश्य पाहा, सहा महिन्यांपेक्षा जुने असेल तर घेऊ नका. मधल्या एक-दोन थरांत मॅटऐवजी विणलेले रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचे कापड) घातले तर धडक सहन करण्याची ताकद वाढते, मात्र रोव्हिंगच्या दोन थरांच्या मध्ये मॅट असावी, कारण रोव्हिंगवर थेट रोव्हिंग चांगले बसत नाही.

मॅट कात्रीने न कापता हाताने फाडावी, म्हणजे कडेचे धागे विस्कळीत राहतात आणि कड जुन्या पृष्ठभागात मिसळून जाते. मॅट ठेवून वरून ब्रशने रेझिन थोपटावे, ओढू नये, ओढले की धागे गोळा होतात. मग लोखंडी खाचेचा रोलर मध्यापासून बाहेर फिरवत अडकलेली हवा काढावी. मॅट पांढरी दिसते तोवर ती भिजलेली नाही, आणि पूर्ण भिजली की खालचा रंग काचेतून दिसतो. रेझिन जास्त झाले तर ताकद वाढत नाही, फक्त ठिसूळपणा वाढतो.

कण्यापाशी उतार सगळीकडे सारखा मिळणार नाही हे खरे. तिथे कापलेल्या कडेपासून कण्याच्या पलीकडच्या उतारावर मॅट वळवून नेणे हाच उपाय आहे. म्हणजे कण्याच्या बाजूचा पट्टा थांबवायचा नाही, कण्यावरून दुसऱ्या बाजूला काही सेंटिमीटर उतरवायचा. कणा तीक्ष्ण असेल तर आधी गोलाई आणा, कारण कोरड्या मॅटला तीक्ष्ण कडेवर बसणे जमत नाही आणि तिथे हवा राहते. आतून की बाहेरून, हे आता तुमच्या बाबतीत ठरले असे मी म्हणेन: मॅट कण्यावरून पलीकडे न्यायची असल्यामुळे बाहेरूनच करा, सभासदांचे म्हणणे रास्त आहे. आतल्या बाजूने, घासून पुसून, नंतर दोन थरांचा जोड द्यावा, भोकापेक्षा प्रत्येक बाजूला दहा सेंटिमीटर मोठा.

शेवटच्या थराला हवा लागली की पॉलिएस्टर वर चिकट राहते. वरून पारदर्शक पॉलिएस्टर कागद पसरावा किंवा शेवटच्या हातात मेण मिसळलेले रेझिन वापरावे. मेणाचे रेझिन केवळ शेवटच्या हाताला. त्यावर पुन्हा थर द्यायचा झाल्यास घासल्याशिवाय पकड येणार नाही.

कोथरूडकर रसायन

मागच्या फळीसंबंधी. प्लायवूड कुस्करता येत असेल तर त्या भागाला बाहेरून मॅट मारून झाकणे म्हणजे कुजण्याला आणखी अंधार आणि ओलावा देणे होय. आतल्या बाजूचा फायबरचा पातळ पडदा कडेने कापून काढा, कुजके लाकूड पटाशीने पूर्ण उकरा, बाहेरचा पडदा शाबूत ठेवा. नवे प्लायवूड मरीन प्रतीचे, म्हणजे भारतीय मानक ७१० चा शिक्का असलेले घ्यावे. नेहमीचे वॉटरप्रूफ म्हणून मिळणारे प्लायवूड वेगळ्या मानकाचे असते आणि दुकानदार दोहोंना एकच नाव देतात. सर्व कडांना आधी पातळ इपॉक्सी पाजून घ्यावी, कारण प्लायवूडमध्ये पाणी कडेनेच शिरते. मग इपॉक्सीत सिलिकाची पूड घालून लोण्यासारखी घट्ट केलेली लांबी बाहेरच्या पडद्यावर पसरून त्यावर प्लायवूड दाबून बसवावे, कोपऱ्यांत त्याच लांबीची गोलाई भरावी आणि तिच्यावरून विणलेल्या काचेच्या कापडाच्या पट्ट्या घ्याव्यात.

इंजिनाच्या बोल्टचे भोक लाकडात थेट पाडायचे नाही. बोल्टच्या दुप्पट व्यासाचे भोक पाडून ते घट्ट इपॉक्सीने भरावे आणि ती पक्की झाल्यावर मध्ये बोल्टच्या मापाचे भोक पाडावे. त्यामुळे बोल्टभोवती सर्वत्र इपॉक्सीचे कडे राहते आणि पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. बहुतेक होड्यांची मागची फळी कुजण्याचे मूळ या भोकांतच असते. बोल्टखाली मोठे वॉशर किंवा अॅल्युमिनियमची पट्टी घालावी.

जुना सभासद

पाण्यात टाकण्याआधी चाचणी जमिनीवरच घ्यावी. होडी टायरवर सरळ ठेवून आत तीन-चार इंचांपेक्षा जास्त नाही इतके पाणी ओतावे, आणि तळाखाली कोरडे वर्तमानपत्र पसरून रात्रभर सोडावे. जास्त पाणी भरू नये, दर चौरस फुटाला चार इंच पाणी म्हणजे जवळपास साडेनऊ किलो वजन, आणि हवेत अधांतरी राहिलेल्या तळाला त्याची सवय नसते. सकाळी वर्तमानपत्र ओले असेल तर गळती कोठे आहे हे अचूक कळते. कोरडे असेल तर रंगाकडे वळावे.

आणि सासऱ्यांना सांगून ठेवा की पॉलिएस्टरचे काम दुसऱ्या दिवशी हाताला कडक लागले तरी त्याची पूर्ण ताकद यायला आठवडा लागतो. तोवर होडी दगडी काठावर ओढून पाण्यात न्यायची नाही, आणि त्यानंतरही तळाखाली वापरलेले टायर किंवा नारळाच्या झावळ्या टाकूनच ओढावी. ज्या जागी कण्याचा तळ जमिनीला घासतो तिथे जाड मॅटची एक आडवी पट्टी जास्तीची द्यावी. ती झिजली की दुसरी लावता येते, आणि तोवर मूळ तळ वाचतो.